जर्मनचा गंज आणि जहाजाचा पत्रा

प्रश्न : माझी मुलगी मिहानमध्ये विमानाच्या भागांच्या जोडणीवर आहे. ती सांगते, दिवसभर भोकं पाडायची आणि रिव्हेट मारायचे. पत्रा सगळा ॲल्युमिनियमचा. मध्यंतरी आम्ही कोचीला गेलो, तिथल्या वॉटर मेट्रोच्या बोटीत बसलो. ती बोटही ॲल्युमिनियमची, पण तिच्यावर एकही रिव्हेट दिसला नाही, सगळीकडे वेल्डिंगच्या रेघा. धातू एकच, मग विमानाला एक न्याय आणि बोटीला दुसरा, असं का? (सोमलवाडा, नागपूर)

उत्तर : धातू एकच नाही, गोम तिथेच आहे. नुसतं ‘ॲल्युमिनियम’ म्हणणं म्हणजे नुसतं ‘पीठ’ म्हणण्यासारखं झालं. ज्वारीचं की बेसनाचं हे कळल्याशिवाय त्याचं काय करायचं ते ठरत नाही. तुमच्या मुलीच्या हाताखालून जो पत्रा जातो तो बहुधा 2024 किंवा 7075 या घराण्यातला. पहिल्यात चार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. दुसऱ्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास जस्त आणि सोबत मॅग्नेशियम, तांबं. बोटीच्या अंगाला लावतात तो 5083. त्यात मॅग्नेशियम 4 ते 4.9 टक्के, थोडं मँगनीज, आणि तांबं जवळजवळ नाहीच. दिसायला तिन्ही पत्रे सारखेच पांढुरके. एकावर एक रचून ठेवले तर मलाही ओळखू येणार नाहीत. म्हणूनच प्रत्येकावर शिक्का असतो आणि तो शिक्का पुसणाऱ्या कामगाराला सगळ्यात मोठी शिवी पडते.

आता वेल्डिंग म्हणजे काय? दोन पत्र्यांच्या कडा वितळवायच्या आणि त्या एकमेकींत थिजू द्यायच्या. विमानाच्या पत्र्याला हे सोसत नाही. त्याची ताकद येते ती त्याला तापवून, झटकन थंड करून, मग काही तास किंवा काही दिवस मुरवत ठेवल्यामुळे. त्या मुरण्यात तांब्या-जस्ताचे अतिसूक्ष्म कण धातूच्या पोटात जागोजागी तयार होतात आणि धातूला सरकू देत नाहीत. वेल्डिंगच्या विजेच्या ठिणगीची, म्हणजे आर्कची, आच लागली की हे सगळं विस्कटतं. शिवाय 2024 आणि 7075 वितळून थिजताना आणखी एक खोड काढतात. बाकीचा धातू घट्ट झालेला असतो, पण कणाकणांच्या मधल्या फटीत तांब्याचा पातळ रस अजून ओलाच असतो. आकसणारा धातू तिथून उसवतो. टाका घालून पुढे सरकावं आणि मागे तो उकलत यावा, तसं. याला वर्कशॉपात ‘हॉट क्रॅक’ म्हणतात. म्हणून विमानाला रिव्हेट. मिहानमध्ये दसॉल्टच्या कारखान्याची पायाभरणी 2017 च्या ऑक्टोबरात झाली आणि 2019 पासून तिथे फाल्कन 2000 या विमानाचे नाकाकडचे भाग बनू लागले. तिथलं मुख्य कसब आर्कचं नाही, भोक अचूक पाडून रिव्हेट बसवण्याचं आहे. रिव्हेटचा एक छुपा फायदाही आहे. एका पत्र्यात तडा गेला तर तो जोडापाशी थबकतो, सलग वेल्डमधून शेजारच्या पत्र्यात घुसतो तसा घुसत नाही.

(चाणाक्ष वाचक इथे हात वर करतील की इस्रोच्या रॉकेटच्या टाक्यांमध्ये तर सहा टक्के तांबं असलेला 2219 वापरतात आणि त्या वेल्ड करतात. बरोबर आहे. 2219 मध्ये तांबं इतकं जास्त आहे की थिजताना पडलेल्या फटी भरून काढायला रस पुरतो. तांबं थोडं असलं तर घात, भरपूर असलं तर सोय. धातूंचा न्याय असा उलटा-सुलटा असतो.)

5083 चं तसं नाही. त्याची ताकद दोन ठिकाणांहून येते. एक, मॅग्नेशियम धातूत साखरेसारखं विरघळलेलं असतं, त्यामुळे. दोन, पत्रा थंड असताना लाटल्यामुळे. हे दुसरं भंडाऱ्याच्या कोणत्याही जुन्या पितळकाम करणाऱ्याला विचारा. पितळ ठोकत गेलं की ते ताठर होत जातं, मग पुन्हा ठोकायचं तर भट्टीत धरून मऊ करावं लागतं. वेल्डिंगची आच हेच करते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच सेंटिमीटरचा पट्टा मऊ पडतो, लाटण्यातून आलेला ताठा जातो. पण मॅग्नेशियम कुठे जात नाही. ते विरघळलेलंच राहतं. मूळ पत्रा कायमचा ताणला जाण्याआधी चौरस मिलिमीटरला साधारण 22 किलो झेलतो, तर वेल्डशेजारचा मऊ पट्टा 13 किलोच्या आत नमतो. मेगापास्कलमध्ये सांगायचं तर 215 वरून 125.

जहाजाचा नकाशा काढणारा इंजिनिअर हिशेब धरतो तो या 125 चा. पत्रा विकत घेताना 215 चे पैसे मोजायचे आणि हिशेब 125 चा करायचा, हे ऐकून आमच्या एका कॉस्टिंगवाल्याला झोप येईना. पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म हेच आहे. विमानाचा पत्रा निवडतात तो वितळवण्याआधी त्यात काय आहे ते बघून. जहाजाचा निवडतात तो वितळवल्यानंतर काय उरतं ते बघून. 7075 सुरुवातीला 5083 च्या दुपटीहून जास्त दणकट असतो, पण वेल्डनंतर काय उरेल यावर बोट बांधता येत नाही.

‘मग बोटीलाही रिव्हेट मारा की!’ असं म्हणाल तर पूर्वी मारत. पण रिव्हेटच्या प्रत्येक जोडात एक पत्रा दुसऱ्यावर चढतो, वजन वाढतं, आणि त्या दोघांच्या मधल्या सापटीत खारं पाणी कोंडून बसतं. ॲल्युमिनियमला वाहत्या समुद्राचं भय नसतं, कोंडलेल्या पाण्याचं असतं. 1940 च्या दशकात आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूच्या आडोशाला आर्क पेटवायची युक्ती साधली. आधी टिग नावाची पद्धत, मग दशकाच्या शेवटी मिग. आणि मिग तर आधी ॲल्युमिनियमसाठीच निघालं, लोखंडाकडे ते नंतर वळलं. तिथून बोटीचे रिव्हेट सुटले.

युक्ती साधली म्हणून काम सोपं झालं असं मात्र नाही. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनने एक अदृश्य साय धरलेली असते. खालचा धातू 660 अंशाला वितळतो आणि ही साय 2000 अंशाच्या वर. पोलादाची गोष्ट वेगळी, त्याचा गंज आणि तो स्वतः जवळपास एकाच तापमानाला वितळतात. इथे आत रस झालेला आणि वर कातडी तशीच, दोन्ही कडांचे रस शेजारी असून एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून मिगमध्ये वायर धन टोकाला आणि पत्रा ऋण टोकाला जोडतात. पत्र्यातून इलेक्ट्रॉन उसळून बाहेर पडताना ती साय फोडत जातात. काचेतून बघितलं तर आर्कच्या कडेने एक पांढरी शुभ्र पट्टी पुढे सरकत जाताना दिसते. ती साय उडतानाची. ती दिसली नाही तर थांबायचं.

दुसरा वैरी हायड्रोजन. वितळलेलं ॲल्युमिनियम घट्ट ॲल्युमिनियमच्या जवळजवळ वीसपट हायड्रोजन पोटात घेतं आणि थिजताना तो बाहेर टाकायला धडपडतं. सुटू न शकलेले बुडबुडे आतच अडकतात, ढोकळ्यात अडकावे तसे. हा हायड्रोजन येतो ओलाव्यातून, तेलातून, हाताच्या घामातून. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपात तलावावरच्या बोटीचं काम चाललं होतं, मी बघायला गेलो होतो. मे महिना, बाहेर 45 अंश. पहिल्या दिवशीचे जोड चांगले होते. दुसऱ्या दिवशी ग्राइंडर मारला तर प्रत्येक जोड आतून चाळणी. वायर तीच, गॅस तोच, वेल्डर तोच. शेवटी कळलं की मालकाने माणसांची दया येऊन कूलर लावला होता. कूलरचा वारा आर्गॉनचं पांघरूण उडवत होता आणि त्याच्या खसच्या ताट्यांतला ओलावा त्या जागी घुसत होता. एकाच यंत्राने दोन्ही गुन्हे केले. कूलर बंद केला, जोड सुधारले, वेल्डरने मात्र दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

त्या हिशेबाने बघितलं तर जहाजाच्या ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करायला कोकणापेक्षा नागपूरचा उन्हाळा बरा. फक्त समुद्र तेवढा नाही.

वाकण्याचा प्रश्न तर मी नुसता स्पर्श करून सोडतो, नाहीतर रकाना संपेल. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट पसरतं आणि त्याचा ताठरपणा पोलादाच्या एक तृतीयांश. पाच मिलिमीटरच्या पत्र्यावर चुकीच्या क्रमाने जोड मारले की तो पापडासारखा फुगतो. वाईट बांधलेल्या बोटीच्या बरगड्या बाहेरून मोजता येतात. यावर 1991 मध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत एक उपाय निघाला : वितळवायचंच नाही. एक फिरती पिन दोन कडांच्या मध्ये दाबून धातू कणकेसारखा मळून एकजीव करायचा. नॉर्वेत जहाजाच्या डेकचे तक्ते या पद्धतीने सगळ्यात आधी जोडले गेले. बुडबुडे नाहीत, धूर नाही, वाकणं नगण्य. पण यंत्र अवजड, त्यामुळे तक्ते कारखान्यात मळायचे आणि बोटीचं वळणाचं काम शेवटी गन हातात धरणाऱ्यानेच करायचं.

प्रश्न : समुद्राचं मीठ लोखंड खातं, मग ॲल्युमिनियमला का खात नाही? आमच्याकडे तर आई जर्मनच्या भांड्यात कढीसुद्धा करू देत नसे. (भंडारा)

उत्तर : तुमच्या आईचं बरोबर होतं. आपल्या विदर्भात गंज म्हणजे पातेलं, आणि जर्मनच्या गंजाला गंज लागत नाही हे आपण लहानपणापासून बघतो. का लागत नाही? वर सांगितलेली तीच साय. वेल्डरचा जीव खाणारी ही कातडी बोटीचं चिलखत आहे. ओरखडा पडला तर उघडा धातू हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन घेऊन पुन्हा लगेच साय धरतो. पण ती आंबटाला आणि खाराला, म्हणजे चुना-सोड्याच्या खाराला, टिकत नाही. कढी आंबट, म्हणून भांडं काळवंडतं. समुद्राचं पाणी मिठाचं असलं तरी आंबट नाही आणि त्यात चुना-सोड्याचा खारही फार नाही, ते सायीला मानवतं. शिवाय 5083 मध्ये तांबं नाही, आणि तांबं हेच समुद्रात ॲल्युमिनियमचं खरं दुखणं. विमानाचा 2024 नुसता समुद्रात ठेवला तर काही दिवसांत त्याला खळगे पडायला लागतील. हिंडालियमच्या कढईतही मॅग्नेशियम असतं, तेव्हा जहाजाचा पत्रा तुमच्या स्वयंपाकघराला अगदीच परका नाही.

तांब्याशी संगत केली की काय होतं याचं सगळ्यात महागडं उदाहरण 1895 चं आहे. अमेरिकेत शर्यतीसाठी ‘डिफेंडर’ नावाची शिडाची बोट बांधली. पाण्याखालचं अंग काशाचं, वरचं ॲल्युमिनियमचं, आतल्या बरगड्या पोलादाच्या. मधून समुद्राचं पाणी. म्हणजे तारेविना जुळलेली बॅटरीच. बोटीने शर्यत जिंकली आणि सहा वर्षांत ती भंगारात गेली. आजही ॲल्युमिनियमच्या बोटीला शेवाळ-शिंपल्याविरुद्धचा तांबंवाला रंग चालत नाही. तळाशी साचलेल्या पाण्यात पितळेचा नट पडून राहिला तरी त्याच्याखाली भोक पडू शकतं. म्हणून अंगाला जस्ताच्या किंवा खास ॲल्युमिनियमच्या वड्या लावतात : आधी आम्हाला खा, मग बोटीला. वड्या झिजल्या की बदलायच्या.

5083 चा स्वतःचा एक दोष आहे, तो दडवणं बरं नव्हे. मॅग्नेशियम तीन टक्क्यांच्या वर असलं आणि धातू वर्षानुवर्षं 65 अंशांच्या वर तापत राहिला, तर विरघळलेलं मॅग्नेशियम हळूहळू कणांच्या सीमांवर येऊन बसतं. मग समुद्र त्या सीमाच खातो आणि पत्रा पुठ्ठ्यासारखा थराथराने सुटतो. भर उन्हाळ्यात टिनाच्या छपराला हात लावून बघितलेल्या नागपूरकराला 65 अंश म्हणजे काय ते सांगायला नको. जहाजाचं डेक, इंजिनाच्या धुराड्याशेजारची भिंत, या त्या जागा. अमेरिकी नौदलाच्या टायकोंडेरोगा जातीच्या क्रूझरांवरचे मजले 5456 चे, म्हणजे मॅग्नेशियम त्याहूनही जास्त. त्यांना तडे जाण्यामागे हेच होतं आणि दुरुस्त्या दशकानुदशकं चालल्या. आता जहाजासाठी पत्रा घेताना नुसतं ‘5083’ लिहून भागत नाही, त्यापुढे एच116 किंवा एच321 लागतं आणि या दोषाची चाचणी झाल्याचा दाखला लागतो.

प्रश्न : फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश जहाज ॲल्युमिनियमचं होतं म्हणून जळून खाक झालं, हे खरं का? (धंतोली, नागपूर)

उत्तर : ही दंतकथा. मे 1982 मध्ये बुडालेल्या ‘शेफील्ड’चे वरचे मजले पोलादाचे होते. ॲल्युमिनियमचे मजले असलेली ‘आर्डेंट’ आणि ‘अँटेलोप’ ही जहाजं त्याच युद्धात गेली, पण ती बाँबने. खरा धडा 1975 चा : अमेरिकी क्रूझर ‘बेल्नॅप’ विमानवाहू ‘केनेडी’वर आदळली, आग लागली आणि तिचे ॲल्युमिनियमचे मजले वितळून खाली बसले. ॲल्युमिनियम जहाजाच्या आगीत पेटत नाही, मऊ होऊन ढासळतं. 200 अंशांच्या पुढे त्याची ताकद झपाट्याने जाते. त्यामुळे प्रवासी बोटीत त्यावर आगरोधक लोकरीचं अस्तर लावावं लागतं, आणि वाचवलेल्या वजनातला थोडा वाटा तिथे परत द्यावा लागतो.

प्रश्न : खालचं अंग पोलादाचं आणि वरचे मजले ॲल्युमिनियमचे, तर दोन्ही एकमेकांना वेल्ड कसे करतात? (वाडी, नागपूर)

उत्तर : करत नाहीत. एकत्र वितळवले की मधे काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. म्हणून एक पट्टी मध्यस्थ ठेवतात : खालून पोलाद, वरून ॲल्युमिनियम. पोलाद पोलादाला वेल्ड, ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमला. आणि ती पट्टी कशी जोडतात? स्फोटाने. एका जाड तक्त्यावर थोडं अंतर ठेवून दुसरा ठेवायचा, त्यावर स्फोटक पसरायचं आणि एका टोकाने उडवायचं. तक्ते एकमेकांवर इतक्या जोराने आपटतात की वितळायला वेळच मिळत नाही, आणि मधली रेघ कापून पाहिली तर लाटांसारखी वळणावळणाची दिसते. देशातल्या स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या पेसो या सरकारी खात्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. समुद्र नसलेल्या गावाचा जहाजाशी एवढा तरी धागा!

प्रश्न : मी आयटीआय वेल्डर आहे, सात वर्षं सीओटू आणि आर्क केलं आहे. ॲल्युमिनियमचं काम शिकावं का आणि काय वेगळं असतं? (बुटीबोरी)

उत्तर : शिका. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या वॉटर मेट्रोच्या बोटी एप्रिल 2023 पासून धावतात. गोव्यात चौगुले कंपनीला तटरक्षक दलाच्या 6 हॉवरक्राफ्टचं सुमारे 387 कोटींचं काम ऑक्टोबर 2024 मध्ये मिळालं. त्यांचं अंगही याच धातूचं. ही कामं करू शकणारे हात आपल्याकडे थोडेच आहेत. आणि ॲल्युमिनियम या एकाच धातूला वाहिलेलं राष्ट्रीय संशोधन केंद्र 1989 सालापासून तुमच्या नागपुरातच, वाडीला अमरावती रोडवर आहे, हेही ठाऊक असू द्या.

पण पोलादावरचं सर्टिफिकेट इथे चालत नाही, परीक्षा वेगळी द्यावी लागते. जहाजाच्या कामाला बहुतेकदा पवईच्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचा किंवा तशाच दुसऱ्या संस्थेचा सर्व्हेअर उभा राहतो. नमुना जोड वाकवून बघतो, एक्स-रे काढतो. हात चांगला असूनही अनुभवी पोलादवाले इथे पहिल्यांदा नापास होतात, कारण सवयी उलट्या असतात. पोलादात तुम्ही गन ओढत असाल तर इथे ढकला, गॅस पुढे राहू द्या. ओढली की शिवण काजळीने काळी पडते. पोलादावर रस जमेपर्यंत रेंगाळता येतं, ॲल्युमिनियम सुरुवातीला आच सगळीकडे पळवतं आणि मग एकदम खाली गळतं. तेव्हा आधी धीर आणि मग पळ. शेवटी गन झटकन उचलायची नाही, खळगा भरून मग सोडायचा, कारण तडा तिथूनच सुरू होतो. वायर मऊ असते, रोलरला व्ही नाही तर यू खाच हवी, नाहीतर पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो. फिलर 5183 किंवा 5356. दुकानदार जो देईल तो नाही. आणि तारेचा ब्रश स्टेनलेसचा, स्वतःचा, ॲल्युमिनियमशिवाय कशालाही न लावलेला. त्या ब्रशने कोणी लोखंड घासलं तर भांडा, चालेल. आधी ॲसिटोनने तेल पुसायचं, मग ब्रश. उलट केलं तर तेल खरवडून आत बसतं.

शेवटची गोष्ट, ती कोणत्याही पुस्तकात ठळक छापलेली मला दिसली नाही. लोखंड तापलं की लाल होतं, आपल्याला बजावतं. ॲल्युमिनियम वितळायच्या क्षणापर्यंत पांढरंच दिसतं. वेल्ड झालेल्या जॉबवर खडूने ‘गरम’ लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. माझ्या उजव्या तळहातावरचा डाग एका दुपारचा आहे, जेव्हा खडू खिशातच राहिला होता.